समीक्षाचं बोलणं

प्रिय आबा,

सासऱ्यांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण आज पाया पडून बाजूला उभं राहायचं नाही, तुमच्याजवळ बसून बोलायचंय. फोनवर ते जमत नाही. तिकडे वडिवळ्यात रेंज जाते, आणि चित्र दिसतं तेवढा वेळ आम्ही तिघं नुसते हसत बसतो. म्हणून हे शहिस्ताच्या मोबाइलवर पाठवतेय. कामशेतच्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदावर काढून ती तुम्हाला घरी आणून देईल.

जर्मनीत येऊन आम्हाला वर्ष होत आलं. समर्थ कारखान्यात असतात, तिथं त्यांचं इंग्रजीवर भागतं. माझं घराबाहेर कशावरच भागत नव्हतं. कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकायचा, रविवारी मिक्सर लावायचा नाही, जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवून काहीतरी सांगायच्या, मी मान हलवायचे आणि दार लावून घ्यायचे. दुकानात बोट दाखवून सामान आणायचे. हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधार पडतो, मग तर मी बाहेरच पडेनाशी झाले. यांच्या नोकरीची तीनच वर्षं काढायचीत, भाषा शिकून काय करायचं, असं मी धरून चालले होते.

समीक्षा तिकडे गोठ्यातल्या म्हशींशीसुद्धा बोलायची. इथल्या बालवाडीत ती कित्येक महिने एक शब्द बोलली नाही. घरात शिरली की बूट काढायच्या आधी तोंड सुरू, तिथं मात्र ओठ मिटलेले. एवढं समर्थनी तुम्हाला सांगितलंच आहे. तुम्ही लगेच म्हणालात, "पोरीला हिकडं घिऊन या. हितं लय बोलंल ती."

जे सांगितलं नाही, ते आता सांगते. जानेवारीत ती सकाळीच बालवाडीच्या झोपाळ्यावरून पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी मी आणायला गेले, तर कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली, डावा हात उजव्या हातानं छातीशी धरलेला. रडत नव्हती. दवाखान्यात फोटो काढला, तर मनगटाचं हाड मोडलेलं. इतका वेळ कुणाला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना मराठी येत नाही ना, आई."

पुढे महिनाभर व्हिडिओवर ती तुम्हाला मोठ्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये दिसत होती, ते प्लास्टर झाकायला. आता हात बरा आहे. पण समर्थ फार घाबरले. त्याच आठवड्यात त्यांनी तिकिटं काढली. या रविवारी तिला घेऊन यायचं, तुमच्याकडे ठेवायचं आणि त्यांनी एकट्यानं परत फिरायचं, असं ठरलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुम्ही शाळेत जाऊन तिच्या नावाचं बोलून आलात, खोलीच्या खिडकीला डासांची जाळी बसवलीत. सासूबाई ते हौसेनं सांगत होत्या आणि मी इकडे नुसतं हूं हूं करत होते.

प्लास्टर होतं तोवर बालवाडीच्या बाईंनी मला वर्गात तिच्याजवळ बसू दिलं. पहिल्याच सकाळी एका मुलाच्या आईनं मला काही विचारलं. मी मान खाली घातली. शेजारी पाहिलं, तर समीक्षानंही अगदी तशीच मान खाली घातलेली. आबा, गप्प राहायला तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. चुकीचं, पण मोठ्यानं. पोरं खिदळायची. एकदा समीक्षाही हसली आणि माझ्या कानाशी येऊन बरोबर शब्द सांगून गेली. तिला कधीपासून येत होतं सगळं. मग गेल्या आठवड्यात एमिल नावाचा तिच्या वर्गातला मुलगा पायरीवरून पडला. समीक्षा धावत बाईंकडे गेली, त्यांचा हात ओढला आणि म्हणाली, "तूट वे." म्हणजे दुखतंय. स्वतःच्या हातासाठी जे तोंडातून निघालं नाही, ते त्याच्यासाठी निघालं. आता ती तिथं थोडं थोडं बोलते. काल पुन्हा दिवसभर गप्प होती.

समर्थ म्हणतात, एका शब्दाच्या भरवशावर पोरीला ठेवायचं? पुन्हा काही झालं तर? ती भीती मलाही आहे. पण जिथं बोलता येत नाही तिथून उठून जायचं, तेही आईला मागे ठेवून, हे तिनं या वयात शिकू नये असं मला वाटतं. दोन दिवस आमचा हाच वाद चालला. आज सकाळी डबा उचलताना ते म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. पण आबांना तू सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

म्हणून हे लिहायला बसले. रविवारी समर्थ एकटे येतील, आबा. समीक्षा येणार नाही. यांच्यावर रागावू नका, हे माझं करणं आहे. तुम्हाला किती लागेल ते कळतंय, म्हणून तर शहिस्ताला सांगितलंय की कागद देऊन लगेच निघू नकोस, थोडं बस. समीक्षाला मी अजून काहीच बोलले नाही, तिची बॅग भरलेली तशीच आहे. आधी तुमच्या कानावर घालावं असं वाटलं. तुम्ही बरं म्हणालात, तर तिला सांगताना मला धीर येईल. नाही म्हणालात, तरी मी तिला सांगणार आहे.

तुमचीच,
कोमल