पट्ट्यावरचं विमान

रविवार, संध्याकाळ

स्वातीला पुण्याला शिकायला पाठवणार नाही म्हटल्यापासून बापलेकीचा अबोला. आज मात्र जेवताना लय भांडली, तीही एका कोड्यावरून: विमान जेवढं पुढं पळेल तेवढाच खालचा सरकता पट्टा मागं पळवला, तर ते उडेल का?

"जागचं हलणार न्हाई," माझा मुलगा दिलीप म्हणाला. कारखान्यात उसाचा पट्टा रोज बघतो ना.

"आवं पप्पा, चाकं नुसती फिरत्यात. इंजिन हवा ढकलतंय, पट्टा न्हाई!"

दिलीपनं मान हलवली. पटलं असावं. मलाही पटलं, पण वाटलं, वाद मिटला की दोघं परत मुकी?

"पट्टा अजून जोरात पळवला तर गं?" मी विचारलं.

"आगं आये, पट्ट्याचा काय संबंध!" दोघं एकदम ओरडली.

किती बरं वाटलं. पण उद्या काय विचारू?