कंपनीचा वास

प्रिय नीलू,

संध्याकाळी तू ऋताला न्यायला येतेस तेव्हा दप्तर, पाण्याची बाटली आणि खाली रिक्षावाल्याचा हॉर्न यांत बोलणं राहून जातं, शिवाय ऋता मध्येच असते. म्हणून लिहितोय. अंबरनाथहून इथल्या इथे चिखलोलीला पत्र लिहिणारा बाप म्हणून हसशील. हस.

आधी तुझ्या लेकीची प्रगती. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाने लाल होतो, हे तिला पक्कं ठाऊक झालंय. आता ती त्यावर लिंबू फिरवून तो परत पिवळा करते आणि विचारते, "आजोबा, मॅजिक नाही ना, सायन्स आहे ना?" जन्म रंगाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून काढला, पण एवढ्या आनंदाने रिझल्ट बघणारं कुणी भेटलं नव्हतं. तुझी आई गेल्यापासून, ऋताची शाळा सुटल्यावर तू येईपर्यंतचा वेळ, एवढाच माझा दिवस आहे गं.

आमचा मोठा खेळ मात्र वासाचा. झाकलेल्या वाट्यांत हिंग, कापूर, कॉफी ठेवायची, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि ओळखायचं. वाटी नाकाला लावायची नाही, हाताने वारा घालून वास ओढायचा, ही लॅबची शिस्त तिला मीच लावली. माझं नाक तर तुला माहीत आहे. गॅलरीत उभा राहून कुठल्या कंपनीने काय सोडलंय ते सांगायचो आणि तुझी आई म्हणायची, नाकाने कांदे सोलणं पुरे, खिडक्या लावा आधी.

दिवाळीनंतर एकदा ऋताने माझे डोळे बांधले. पहिल्या वाटीला काहीच नाही. दुसरीलाही नाही. वाटलं, पोरगी रिकाम्या वाट्या धरून फसवतेय. अंदाजाने कापूर म्हणालो, ओढणी काढली तर समोर हिंग. आजोबा मुद्दाम हरतात असं वाटून ती टाळ्या पिटत होती. मी उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. त्यांनी चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली. म्हणाले, वास परत येणार नाही, आणि ही हात थरथरण्याच्या दुखण्याची सुरुवात आहे, ते वाढतच जाणार. तुला सांगितलं नाही, कारण मग तू ऋताला पाठवणं थांबवलं असतंस. इतकं साधं कारण आहे.

परवा जास्वंदीचा रंग काढायला पाकळ्या उकळत ठेवल्या होत्या. पाणी उतू गेलं, शेगडी विझली. आम्ही बाहेरच्या खोलीत कागद कापत बसलो होतो. ऋता म्हणाली, "आजोबा, स्मेल येतोय. कुठला?" तिला वाटतं मला सगळे वास कळतात. मी नाक वर करून जाणकारासारखा श्वास घेतला आणि सांगितलं, सल्फरचा, कंपनीचाच. मग आपण सगळे अंबरनाथकर करतो तेच केलं, घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ऋताने मदत केली.

समोरच्या बनूबाई दार बडवत आल्या. "काका, येड लागलंय का तुम्हाला? गॅस सुटलाय सगल्या घरात! पोरीला भायेर काढा!" त्यांनीच बटण बंद केलं, त्यांनीच खिडक्या उघडल्या. मी मधोमध उभा, मला कसला म्हणजे कसलाच वास येत नव्हता. संध्याकाळी तू विचारलंस, ऋता गप्प का? मी म्हणालो, दमली असेल.

नीलू, आता ऋताला माझ्याकडे पाठवू नकोस. पाळणाघर बघ. तुझी नोकरीची ओढाताण होईल, कळतं मला, पण दुसरा मार्ग शोधून थकलो. गॅसचा अलार्म बसवू, म्हणशील. उद्या माझ्या हातातून उकळतं पाणी सुटेल, तेव्हा तो काय करणार? काल ती माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, आता मी तुमचं नाक होईन, आईला सांगायचं नाही." सात वर्षांची आहे गं ती. तिला खरं कारण सांगू नकोस, नाहीतर ती मला सांभाळायला येईल. सांग, आजोबा कंटाळले, त्यांना आता पोराबाळांची कटकट नको. रागावेल माझ्यावर. रागावू दे.

तुझाच,
बाबा