भांडा आणि कौतुक मिळवा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हे पत्र दुसरीच्या बाकावर बसून लिहितो आहे. गुडघे हनुवटीला टेकलेत, त्यामुळे निम्मा नमस्कार आपोआपच झाला.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तू त्यांनाच जिना चढून वर यायला लावलंस असं बाबा सांगत होते, त्यावरून प्रकृती ठणठणीत असावी असं धरून चालतो. आतोबांनाही नमस्कार सांग, तुझ्या बोलण्यात मध्ये जागा सापडली तर.

तुला ठाऊकच आहे, माझी नोकरी अजून कच्ची आहे. मुख्याध्यापिकाबाई एके दिवशी न सांगता वर्गात मागे येऊन बसणार आणि त्या एका तासावरून मला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार, असा इथला रिवाज. तू तर मी निघतानाच म्हणाली होतीस की दुसरीतली पोरं मला बाजारात विकून खातील. अजून विकलेलं नाही. (गिऱ्हाईक मिळालं नसेल.) त्यातून माझ्या वाट्याला आला मूल्यशिक्षणाचा तास, आणि धडा कुठला, तर एकमेकांचा आदर. मी फळ्यावर ‘आपण सर्वांचा मान राखू’ असं सुवाच्य अक्षरात लिहून सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. पोरांनी बेंबीच्या देठापासून म्हटलं, आणि म्हणता म्हणता बाकाखालून एकमेकांना यथेच्छ लाथा घातल्या.

तेव्हा मी डोकं लढवलं. (इथे तू कपाळाला हात लावशील, ते मला इथून दिसतंय.) नियम केला की जे भांडतील त्यांनी फळ्यापाशी उभं राहून एकमेकांबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या, आणि त्या खऱ्या आहेत की नाहीत ते वर्गानं ठरवायचं. पहिले आरोपी भोंगा आणि स्प्रिंग. (हजेरीपटात त्यांची नावं निराळी आहेत, पण त्या नावांना ते ओ देत नाहीत.) भोंगा म्हणाला, हा पडला तरी रडत नाही, याच्या पेन्सिलीला कायम टोक असतं आणि याची आई छान आहे. वर्गानं तिसरी गोष्ट नामंजूर केली. आई छान आहे यात याचं काय कर्तृत्व? बिचाऱ्या भोंग्याला डोकं खाजवून नवी गोष्ट शोधावी लागली. ती ऐकताना स्प्रिंगचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, चला, आपण जग सुधारलं.

कसलं काय! आठवड्याभरात भांडणं दुप्पट झाली. पोरांना गोम कळली होती की कौतुक हवं असेल तर आधी भांडावं लागतं. जिवलग मैत्रिणी मधल्या सुट्टीत एकमेकींना विनवायला लागल्या, “ढकल ना गं मला, कालपासून सांगतेय!” फळ्यापाशी रांग लागली. भोंगा तर रोज सकाळी विचारी, “सर, आमचं भांडण कधी घेताय?” मी वरवर रागवायचो, पण खरं सांगतो आत्या, शाळेत यायला मला इतकी मजा कधीच वाटली नव्हती.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे मनी म्हणतात, कारण ती आली-गेली तरी चाहूल लागत नाही. ती एकदा हळूच माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, माझ्याशी कुणी भांडतच नाही.” मी म्हटलं, वा, छानच की! आणि वह्या तपासायला लागलो. ती जागेवर कधी गेली ते कळलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या आणि पेन काढलं. मी फळ्याकडे वळून घसा खाकरतोय तोच मागे सन्नाटा पसरला. बघतो तर मनी बाईंसमोर उभी आणि बाईंचं पेन तिच्या हातात. हिसकावून घेतलेलं! “आता आपलं भांडण झालं,” ती म्हणाली. “चला फळ्यापाशी.” मी मनातल्या मनात सामान बांधलं.

पण वर्ग एका सुरात ओरडला, “चला बाई, नियम आहे!” आणि ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं शिपाईदादा ताठ उभे राहतात, त्या बाई मुकाट्यानं पुढे आल्या. मनीनं आधी सांगितलं: बाई सगळ्यांच्या आधी येतात, हरवलेल्या बाटल्या जपून ठेवतात, आणि रागावतात पण नंतर विसरतात. तिन्ही मंजूर. मग बाईंची पाळी. त्या म्हणाल्या, ही गुणी मुलगी आहे. वर्ग म्हणाला, हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणता! बाई अडकल्या. त्यांना मनी माहीतच नव्हती. मलाही कुठे होती? तेवढ्यात स्प्रिंग उठून बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजला. मग दुसरी, मग तिसरा, आणि बघता बघता निम्मा वर्ग बाईंभोवती. मनी रडणाऱ्याजवळ जाऊन नुसती बसते. मनी चुगल्या करत नाही. मनी खेळात हरली की जिंकलेल्यासाठी टाळ्या वाजवते. बाई एकेक मोठ्यानं सांगत गेल्या, तीनवर थांबल्याच नाहीत. मनीचे कान लालबुंद झाले होते आणि ती हसत होती, दात दाखवून! मी उगाच खडू शोधत बसलो.

जाताना बाई म्हणाल्या, भांडल्यावर कौतुक ही पद्धत साफ चुकीची आहे. उद्यापासून रोज एकाला भांडणाशिवायच पुढे बोलवा. आणि हा गोंधळ तुम्ही घातलाय, तेव्हा पुढच्या वर्षीही इथेच राहून निस्तरा. आत्या, नोकरी पक्की झाली!

तुझा भाचा

ता. क. भांडणं आता जवळजवळ बंद आहेत. भोंग्याला करमत नाही.

ता. क. दुसरा: तू विणलेल्या स्वेटरची डावी बाही वीतभर लांब आहे आणि तुझा चहा पाणचट असतो. हे मुद्दाम लिहिलंय. आता आपलं भांडण झालं. माझ्याकडून तीन गोष्टी: तू कुणालाही भीत नाहीस, मी तापानं फणफणलो होतो तेव्हा रात्रभर उशाशी बसलीस, आणि मला बाजारात विकतील म्हणताना तुझे डोळे पाणावले होते, ते मी पाहिलं. आता तुझी पाळी. तू आजवर कुणाला चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नाही, म्हणून घाई करत नाही. तीन सुचल्या नाहीत तर एक चालेल.