अठरा फुटांचा कोबा

२ मार्च, रविवार

पोहोचलो एकदाचा! खोली झकास मिळाली आहे. मोठी खिडकी, मोरी आतच, नळाला दोन्ही वेळ पाणी. दोन खाटा आहेत. तिसरी मावेल का ते टेप लावून पाहिलं, मावते. ठमी चार वर्षांची, तिला अशी कितीशी खाट लागणार!

ही वही बायकोने दिली. म्हणाली, राग आला की तोंड उघडायच्या आधी वही उघड. तीन वर्षांत तीन ठेकेदारांशी भांडून कामं सोडली, ती तरी किती सोसणार. पोरीला घेऊन माहेरी बसली आहे. साफ सांगितलंय, नवं काम आठवडाभर भांडण न करता टिकवलंस तर रविवारी सामान घेऊन येते, नाहीतर तू आणि तुझी थापी सुखाने नांदा. बरोबर आहे तिचं. माझ्या नाकावरचा राग ऊठ म्हटल्यावर उठत नाही.

ठेकेदार बरा वाटला. घरांची तळघरं, गाड्या ठेवायच्या खोल्या, तिथे सिमेंटचा पक्का कोबा घालून द्यायचा, एवढाच याचा धंदा. माझ्या हातचा कोबा नातवंडांपर्यंत टिकतो, असं मी त्याला सांगितलं. खोटं नाही. उद्यापासून एका निवृत्त मास्तरांचं तळघर.

३ मार्च, सोमवार

मास्तर एकटेच राहतात. फार गोड बोलतात. गुडघे दुखतात म्हणून तळघरात उतरत नाहीत, जिन्याच्या तोंडाशी उभे राहून चहाचा कप तेवढा खाली सरकवतात. चौदा पायऱ्या, खाली जिन्यापाशी एक दिवा, खोली अठरा फूट बाय बारा. खाली मुरूम छान ठोकून ठेवलेला. तो बहुतेक आधीच्या मिस्त्रीने ठोकला असावा, कारण बाकी त्याने काडीचं काम केलेलं नाही. पलीकडच्या भिंतीलगत वीतभर कोबा घातला आणि पळाला. तोही कसला? टिचकी मारली की पोकळ वाजतो. शिवाय आपली थापी, रंधा, बूट सगळं टाकून गेला! हत्यार टाकून जाणारा कसला मिस्त्री? मी त्याचं नाव पळपुटा ठेवलंय. त्याचा तो तुकडा छिन्नीने उखडला तेव्हा कुठे थंड वाटलं.

काम सरळ आहे. मिक्सर वर रस्त्यावर, त्यावर दोन गडी. माल जिन्याशेजारच्या खिडकीतून पत्र्याच्या पन्हळीने खाली येतो. लांबच्या भिंतीपासून सुरुवात करायची, तोंड भिंतीकडे, पाठ जिन्याकडे. ओतायचं, फळीने सपाट ओढायचं, रंध्याने घासून गुळगुळीत करायचं आणि मागे मागे सरकत यायचं, म्हणजे शेवटी कोबा खाली आणि आपण पायरीवर. रोज तीन फुटांची एक पट्टी. सहा दिवसांत, शनिवारी, खेळ खलास. रविवारी ही येईल. आज तीन फूट झाले, पंधरा उरले.

४ मार्च, मंगळवार

दुसरी पट्टी घातली. बारा फूट उरायला हवेत. टेप तेरा दाखवतो. तीनदा मोजलं. काल माझंच चुकलं असणार, आणि तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं. वीस वर्षं टेप धरतोय, एका फुटाने चुकायला मी काय काल हातात थापी घेतली?

पट्टी मात्र फर्मास झाली आहे. आरशासारखी. पळपुट्याला आणून दाखवायला हवी.

५ मार्च, बुधवार

तिसरी पट्टी. नऊ नाही, दहा नाही, साडेबारा उरले!

तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं गड्यांनी टेप कापून जोडलाय, चेष्टा चाललीय. वर जाऊन दोघांना असं झापलं की रस्त्यावरचे लोक थांबले. गड्यांपैकी एक म्हणाला की आम्ही खाली उतरलोच नाही मिस्त्री, आणि आम्हाला उतरायचंही नाही. ठेकेदार तेवढ्यात आला. त्याने शांतपणे सांगितलं, आणखी एकदा आवाज चढला तर सामान उचलायचं. मी मान खाली घालून खाली गेलो. आपल्याच हातांनी आपल्याच घराची कौलं उतरवतोय मी. ठमीची खाट आठवली आणि दोन घोट पाणी प्यायलो.

मग भिंतीवर हात फिरवला. लेव्हलच्या खुणा करताना मिस्त्री लोक भिंतीवर पेन्सिलीने मापं लिहितातच, तशी धुळीखाली खोलीच्या लांबीची मापं होती. अठरा. एकोणीस. साडेबावीस. त्याखाली तेवीस, एकतीस, पण अक्षर दुसऱ्याचं. त्याखाली तिसऱ्याचं.

६ मार्च, गुरुवार

चार पट्ट्या झाल्या, म्हणजे बारा फूट कोबा. उरलेला मुरूम पंधरा फूट. बारा आणि पंधरा सत्तावीस होतात, हे ठमीलाही कळेल.

बाहेर जाऊन घराची भिंत मोजली. वीस फूट. एक इंच जास्त नाही. वीस फुटांच्या घराखाली सत्तावीस फुटांची खोली!

मास्तरांना विचारलं. शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, दात आवळून. ते हसले. म्हणाले, थोडं वाढतं ते. मग म्हणाले की मी ठेकेदाराला मुद्दाम रागीट माणूस धाडायला सांगितलं होतं. थंड डोक्याचे लोक दुसऱ्या दिवशी माप पाहून निघून जातात. रागीट माणूस काम पुरं केल्याशिवाय हलत नाही. आधीचे सगळे तसेच होते, असंही म्हणाले, आणि चहाचा कप पुढे केला.

आधीचे सगळे. म्हणजे पळपुटा पळालेला नाही.

कप तिथेच आपटावासा वाटला. नाही आपटला. बायकोला शब्द दिलाय.

७ मार्च, शुक्रवार

आज खाली उतरलोच नाही. ठेकेदाराकडे गेलो, म्हटलं दुसरीकडे काम दे. म्हणाला, हे पुरं कर मग देतो. रविवारी दुपारपर्यंत कोबा दिसला नाही तर दुसरा माणूस बघतो आणि खोलीची किल्ली परत कर. त्याच्या तोंडावर थापी फेकून मारली असती मी. एका आठवड्यापूर्वी मारलीही असती.

संध्याकाळी बायकोला फोन लावला. येऊ नकोस म्हणणार होतो. काम बिघडलंय एवढंच म्हणालो. ती म्हणाली, परत? परत भांडलास? तिच्या मागून ठमी विचारत होती, बाबाकडे कधी जायचं म्हणून. मी म्हणालो नाही गं, सगळं झकास आहे, या तुम्ही.

काय बोलून बसलो मी!

८ मार्च, शनिवार

उतरलो. काल हात न लावताही मुरूम वाढलाय. मोजला नाही. मोजायची हिंमत नाही.

पाचवी पट्टी ओतली. घासताना हात थांबवला तरी घासण्याचा आवाज चालूच. समोरून, पहिल्या पट्टीच्या पलीकडून. दिवा तिथवर पोहोचत नाही आता. भिंत दिसत नाही.

रंध्याचा आवाज आहे तो. मी ओळखणार नाही तर कोण? आणि शिव्या. कोणीतरी घासता घासता शिव्या देतोय, आपल्याआधीच्याच्या नावाने. मी सोमवारी दिल्या होत्या तशाच.

मग दुसरा आवाज, त्याच्याही पलीकडे. तोही शिव्या देतोय.

धावत वर आलो. पट्टी तशीच राहिली, अर्धवट घासलेली. राहू दे. उद्या सकाळी फक्त हत्यारं उचलायची, बापाची थापी आहे ती. स्टँडवर जाऊन दोघींना तिथेच गाठायचं आणि पुढच्या गाडीने परत. नोकरी गेली खड्ड्यात. ती रागावेल. रागावू दे, हवं तेवढं रागावू दे.

९ मार्च, रविवार, सकाळी

थापी घेतली. रंधा घेतला. निघालोच होतो—

कालच्या पट्टीत मधोमध खळगा. बशीएवढा. माझ्या कामात खळगा! उद्या कोणी तरी उतरेल, बघेल, म्हणेल कोण हा पळपुटा— राग आला. एवढंच झालं. राग आला. दोन घमेली कोरा माल कालचाच पडला होता, पाणी मारून मळला. गुडघे टेकले. भरला. घासला. दोन मिनिटं. फार तर पाच.

मागे वळलो तर जिना नाही.

आहे. लांब आहे. काडेपेटीएवढा दिसतो. खिडकीचा उजेड टिकलीएवढा.

नंतर

चालतोय. मुरुमावरून चालतोय. जिना तेवढाच लांब. धावलो. तेवढाच. मास्तरला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, घसा बसेपर्यंत. शिव्या दिल्या की जिना आणखी लांब जातो. गप्प बसलो की थांबतो. हे आधी कळायला हवं होतं— आधी— वीस वर्षांपूर्वी—

शांत बसतो. वहीत लिहितो. ती म्हणाली होती तोंड उघडायच्या आधी—

खरंच. जवळ आला. पायऱ्या मोजता येतात आता. लिहीत राहायचं. रागवायचं नाही. मागे ते लोक घासतायत, घासू देत. मी रागावलेलो नाही. मी रागावलेलो नाही.

नंतर

वर आवाज. मास्तर कोणाशी तरी बोलतोय, गोड गोड. खाली आहेत तुमचे मिस्टर, जा ना, उतरा.

ही आली. स्टँडवर कोणी नाही म्हणून पत्ता विचारत इथे आली. ठमीचे बूट वाजतायत.

ओरडलो. उतरू नकोस, पोरीला घेऊन जा इथून, जा! जीव तोडून ओरडलो. जिना सटकन मागे गेला.

ती काय म्हणाली. पोरीसमोर ओरडू नकोस म्हणाली. आल्या आल्या तेच का, म्हणाली. उतरतेय. माझ्या ओरडण्याला ती कधीच थांबत नाही, सवय आहे तिला, मीच लावली—

पुन्हा ओरडलो. नुसतं ए बाई थांब— ती म्हणते आज तुझ्या तोंडावर सांगूनच जाते—

ओरडायचं नाही. गोड बोलायचं. ठमीशी बोलतो. कधी बोललोय मी तिच्याशी गोड? बोलतो. ठमे, माझ्या बाळा, माझं सोनं ते, वरच थांब हं—

हसली. बाबा रागावला नाहीये, म्हणाली आईला. केवढी खूश झाली. आईचा हात सोडला, आणि दोन्ही हात पसरून पायऱ्यांवरून धावत मा—