लाल होण्याआधी तोडायची फळं

मी, खाली सही करणार, धंद्याने घड्याळजी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवीत आहे. उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर मुलाला व सुनेला समसमान. मागल्या खोलीचं दार जरा उचलल्याशिवाय लागत नाही, हे मुलाला तीस वर्षं सांगतो आहे.

२. दुकानातली हत्यारं भाच्याला. लाल दोरा बांधलेला चिमटा मात्र त्याला देऊ नये. तो खोल पुरावा. कारण कलम चारमध्ये आहे.

३. समोरच्या वकीलबाईंना काहीही नाही. दर हिवाळ्यात त्यांनी न विचारता झुडपाची फांदी मोडून नेली आणि वर मलाच, "वास काय छान येतो हो," म्हणून ऐकवलं.

४. मागल्या अंगणातलं झुडूप. हे माझ्या पत्नीने लावलं. ऐन थंडीत, अंगावर एकही पान नसताना, फांद्यांना चिकटून गुलाबी फुलं येतात आणि वास थेट जिन्यापर्यंत येतो. ते जागेवरून हलवू नये, मुळांना धक्का लागला की दगावतं. बुंध्याशी वाळका पाला घालावा, पाणी साचू देऊ नये. कात्री लावूच नये.

उन्हाळ्यात त्याला लालचुटूक फळं धरतात. ती विषारी आहेत, लहान मुलाच्या जिवावर बेततील इतकी. पत्नी गेल्यावर हे एकट्या मलाच ठाऊक. सुनेला कळलं तर ती झाड उपटेल, म्हणून मी तोंड उघडलं नाही. व्यायामाच्या नावाखाली रोज सकाळी हिरवी असतानाच फळं चिमट्याने काढत आलो. गेल्या वर्षी तापाने आठ दिवस पडून होतो. उठून पाहतो तर तीन वर्षांची नात झुडपाखाली बसलेली, एक गाल फुगलेला. तिच्या तोंडात बोट घातलं. बटण निघालं. तरीही कोणाला बोललो नाही.

हे पाकीट माझ्यामागे कधी उघडतील कोण जाणे. फळं काही तोवर थांबणार नाहीत. म्हणून आत्ताच, साक्षीदारांसमोर, सुनेला बोलावून हे कलम वाचून दाखवलं.

तिने मागल्या दारातून झुडपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता उपटलं असतं मी ते. पण आईंचं आहे. तुम्ही लपवलंत ना, मग तुम्हीच काढायचं. उद्या जा, बरे होऊन या, आणि स्वतःच्या हाताने काढा."

मी हो म्हणालो. सबब झुडपाच्या देखभालीचा मजकूर रद्द. परत आलो तर मी काढीन. न आलो तर सुनेने, हातमोजे घालून, फळं धरण्याआधी.

मरणाची भीती सकाळपासून होती, ती आहेच. आता परत येण्याचीही वाटते आहे.

सही: घड्याळजी

साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त भूगोल मास्तर (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही, स्वतःचा चष्मा विसरल्याने मजकूर ऐकून)

स्थळ: राहत्या घराची मागली खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार, दुपारी चार, झुडूप फुलावर आहे