पंप नव्हता, आई

प्रिय आई,

माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. शाळेत मी बाकावर कमी आणि खिडकीत जास्त बसायचे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. फोन हाताशी असताना हिला पत्राचं काय सुचलं, असंही म्हणशील. सांगते, पण मध्ये एक ड्रायर आडवा आलाय. तो आधी बाजूला करू दे.

बेकरी सोडली. का ते विचारू नकोस. तिथे माणसं चांगली होती, मालक तर गाणं म्हणत पीठ मळायचा, सगळी गाणी अर्धीच, पुढचे शब्द आले की तोंडाने पिपाणी वाजवायचा. बघ, लगेच भरकटले. तर आता मी एका नर्सबाईंच्या घरी मागच्या खोलीत राहते. सकाळी एका हॉटेलात चादरी इस्त्री करते आणि दुपारी बाई ड्यूटीवर असतात तेव्हा त्यांच्या सासऱ्यांजवळ बसते. आजोबांचे पाय गेलेत, जीभ ठणठणीत आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “तू माझ्यावर लक्ष ठेवणार? तुझ्यावर कोण ठेवणार?” त्यांची चादर दिवसातून दोनदा, कधी तीनदा बदलावी लागते. त्याची त्यांना भयंकर लाज वाटते. चादर ओढताना ते मोठमोठ्याने हवापाण्याबद्दल बोलतात, आणि मीही त्यांच्याइतक्याच जोरात हवापाण्याबद्दल बोलते.

आणि अशात बाईंचा कपडे वाळवायचा ड्रायर बिघडला. इकडे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली भांडी मोजता येतील. कपडे वाळवायला जागाच नाही. दोन दिवसांत सगळ्या दारांवर ओल्या चादरी लटकल्या. बाई म्हणाल्या, घर आहे की गलबत. आजोबांनी मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या चादरी त्यांच्या होत्या ना, आणि येणारा-जाणारा त्यांच्याखालून वाकून जात होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वयंपाक करताकरता सांगितलं की असंच चाललं तर यांना काही दिवस म्हाताऱ्यांच्या सेवाघरात ठेवावं लागेल. त्या हळू बोलल्या होत्या, पण आजोबांचे कान तिखट. आणि मी, तुझी लेक, फुशारकीत बोलून गेले, “माझी आई मशिनंच दुरुस्त करते. मी बघते.”

आई, दोन वर्षांपूर्वी काय बोलून गेले ते मी विसरलेले नाही. तुझ्या स्क्रूंच्या डब्यात मी जन्म घालवणार नाही, यापुढे पेचकसाला हात लावणार नाही, असं म्हणाले होते. तू हातातली पंख्याची मोटर नुसती पालथी केलीस आणि कामाला लागलीस. तेव्हापासून कितीदा वाटलं, उठावं आणि घरी यावं. पण कुठल्या तोंडाने? आणि तूही कधी ये म्हणाली नाहीस. आपल्या घरात मशीनला सगळे विचारतात काय होतंय, माणसाला कोणी विचारत नाही.

असो. हा ड्रायर आपल्या टेबलावर कधी आला नव्हता त्या जातीचा आहे. तो वाफ नळीने बाहेर सोडत नाही, आतल्या आत थंड करून तिचं पाणी करतो आणि ते पंपाने वरच्या टाकीत चढवतो. रोज टाकी ओतायची. आता काय व्हायचं, तर दोन-दोन तास फिरून चादर दमटच निघायची, टाकीत मात्र थेंब नाही. आणि आतून एक खर्र असा आवाज. प्लग काढला, आधी दारातली जाळी साफ केली. मग खालचं झाकण उघडून वाफ थंड करणारा तो पत्र्याचा ठोकळा ओढून काढला. त्याच्या फटींमध्ये तंतूंची नुसती गादी झालेली. आजोबा म्हणाले, “आमच्या घरातली हरवलेली सगळी लोकर सापडली म्हणायची.” नळाखाली धुतला, वाळवला, परत बसवला. चादर किंचित बरी निघाली, पण दमटच. खर्र तसाच.

मग मी तुला फोन केला. आठवतंय? शनिवारी दुपारी. लहानपणी लोक मशीन ठेवायचे आणि लक्षणं सांगायला लागायचे, तेव्हा तू हात वर करून त्यांना गप्प करायचीस, डोळे मिटायचीस, आणि तीन गिरक्यांत सांगायचीस, बेअरिंग आहे, पट्टा आहे, की मालकाचा भ्रम आहे. तुझं कधी चुकलं नाही. म्हणून मी काही वर्णन केलंच नाही. फोन थेट ड्रायरला चिकटवला आणि आजोबांना सांगितलं, आता हूं नाही की चूं नाही, आई ऐकतेय. ते बिचारे श्वास रोखून बसले. मग मी फोन कानाला लावला आणि तू म्हणालीस, “पंप आहे. पंप बदल.” ठेवलास पण.

पंप तर पंप. ड्रायर भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा खोलला, स्क्रू तुझ्यासारखे काढल्या क्रमाने फडक्यावर मांडले. पंप हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरत होता. तिथेच शंका यायला हवी होती. आलीही. पण पंप आहे असं तू सांगितलं होतंस. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवा पंप आणला, बसवला, पत्रा लावला, चालू केलं. खर्र. आजोबा म्हणाले, “बाई गं, आता तुझ्या आईला म्हणावं पंपाला नवा ड्रायर लाव.” मी इतकी चिडले की बाहेर निघून गेले. नाक्यापर्यंत जाऊन परत आले, कारण त्यांना खुर्चीत तसंच सोडून आले होते, आणि त्यांची चादर बदलायची होती.

परत आल्यावर मी तुझ्यासारखी डोळे मिटून जमिनीवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आई, पंप एकसारखा घूं करत राहतो. हा आवाज तसा नव्हताच. खर्र, मग थोडी शांतता, परत खर्र. दर गिरकीला एकदाच. गिरकीला एकदा म्हणजे कपड्यांचा फिरणारा ढोल कुठेतरी घासतोय, हे तर मला सातव्या वर्षी तूच शिकवलेलं. मी पुढचा पत्रा काढला. ढोलाच्या तोंडाला फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी असते. ती अर्ध्यापेक्षा जास्त सुटून आत दुमडली होती. त्या फटीतून गरम वाफ सगळी खोलीत जात होती, म्हणून टाकी कोरडी आणि भिंत ओली. नवी पट्टी आणली, उष्णतेला टिकणारा गोंद लावला, आणि ती धरून ठेवायला चिमटे लागले. ते आजोबांनी लावले, एक-एक करून, चाळीस. शेवटी म्हणाले, “नातवाच्या लग्नातसुद्धा मला एवढं काम दिलं नव्हतं.” एक दिवस सुकू दिलं. काल पहिली चादर निघाली, ताज्या पोळीसारखी गरम. आजोबांनी ती गालाला लावली आणि हवापाण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. बाईंनी दारांवरच्या सगळ्या चादरी उतरवल्या. सेवाघराचं नाव परत निघालं नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. पण पडल्या पडल्या तोच खर्र डोक्यात फिरत राहिला. तुला तो पंपाचा कसा वाटला? हे तर शेजारच्या पोरालाही कळलं असतं. आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मागे मी फोनवर म्हणाले होते की ताप आलाय, तर तू म्हणालीस, “बरं झालं, बरं झालं.” मी आठवडाभर रडत होते, आईच्या मनातला राग अजून गेला नाही म्हणून. बेकरीत बोट भाजलं असं सांगितलं, तर म्हणालीस, “चांगलं, खा पोटभर.” मी विचारते एक आणि तू सांगतेस भलतंच, आणि दोन मिनिटांत ठेवतेस. मला वाटायचं तुला माझ्याशी बोलायचंच नाही.

म्हणून हे पत्र आहे, आई. तुला माझा आवाज ऐकू येत नाही. बहुतेक खूप दिवसांपासून येत नाही, आणि तू अंदाजाने हो हो करतेस. तीन गिरक्यांत मशीन ओळखणारी तू, आता तिथे टेबलाशी बसून काय करत असशील, गिऱ्हाईक समोर उभं असताना डोळे मिटून कसली वाट बघत असशील, हे कालपासून मला सोसत नाहीये. माझ्यावर रागावली नव्हतीस ना? तेवढं कळलं तरी मी अर्धी वाट चालून येईन. मला यायचंय. स्क्रूंच्या डब्यासाठी नाही, आणि तुझी कीव येते म्हणूनही नाही. तू हात लावून सांगायचंस, मी ऐकून सांगायचं, कामं अडणार नाहीत. आणि कामं नसली तरी यायचंय. तू मला कधी ये म्हणाली नाहीस, आणि मीही कधी येऊ का विचारलं नाही. आता विचारते. येऊ? फोन करू नकोस. एका ओळीत लिही, कसल्याही कागदावर लिही.

तुझीच,
भिंगरी