दाराला लावलेलं साठ नंबरचं इंजिन

शहाबाज, १० जानेवारी २०२५

चि. मृणालीस सगुणाआजीचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलत न्हाय, तुझा दिपेशकाका कान लावून बसतो. तुझ्या रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं चाळीस नंबरचं इंजिन काढून त्यानं थोरलं साठ नंबरचं बसवलंय. काशीदच्या शर्यतीत सगळे साठवाले, म्हणतो, चाळीसनं घराण्याचं नाक कापलं जाईल. तू शिकवलंस तसं तोल बघायला पंखांखाली दोन बोटं लावून उचललं, तर विमानाचंच नाक जमिनीला. त्यावर म्हणे शेपटीला शिसं बांधू.

तुझ्या आज्यानंही होडक्याला असंच थोरलं मशीन लावलं होतं. मागची बाजू बुडाली म्हणून पुढे धोंडे भरले, मग मासळीला जागा उरली न्हाय. वर्षभर नुसतं मशीनला खाडीत फिरवून आणलं. काय करू ते लिही.

सगुणाआजी

पुणे, १६ जानेवारी

ती. आजीस मृणालीचा सा. न.

आज्याचं होडकं वाचून होस्टेल हसलं. माझं विमान अडीच किलोचं, त्याला चाळीस पुरतं. शिसं बांधलं की वजन वाढतं, मग वेगानं उतरावं लागतं आणि वाळूत चाकं मोडतात. काकाला सांगितलं. तो म्हणतो, साठ असेल तरच टेम्पोतून काशीदला आणीन. राहू दे. वर्षभर खपले त्यावर, पण यंदा शर्यतीतून नाव काढून घेते.

तुझी मृणाली

शहाबाज, २१ जानेवारी

चि. मृणाली,

नाव काढून घेतलंस तर घरात पाय ठेवू नको. चार स्क्रू मीच फिरवले, तुझं चाळीस जागेवर बसवलं. दोन बोटांवर घेतलं, हूं की चूं न्हाय, सरळ राहिलं. साठ नंबर दाराला लावलाय, वाऱ्यानं दार आपटायचं थांबलं. दिपेश ओरडला. त्याला सांगितलं, टेम्पो तुझा, पाय माझे.

पंख सोडवून लुगड्यात बांधीन आणि एस्टीनं आणीन. स्टँडवर विचारून आले. कंडक्टर म्हणाला, विमानाचं तिकीट पडेल. म्हटलं, फाड, पण खिडकी त्याला द्यायची.

नऊ फेब्रुवारीला वाळूत उभी ऱ्हा. उडालं तर उडालं. पडलंच तर आपल्या इंजिनानं पडू दे, दुसऱ्याच्या न्हाय.

माझ्यावर लोभ हाय तेवढा पुरे. जास्त लावलास तर नाक खाली जाईल.

सगुणाआजी